दहा रुपयांच्या दुकानातल्या पंचफुलाबाई

पंचफुलाबाईंनी पहिल्याच भेटीत माझा कुर्ता मला परत केला होता.

शेलूबाजारच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. हमरस्त्यावर जीप लागतात त्याच्या जरा पुढे एका संस्थेचं दुकान होतं. लोकांनी दिलेले कपडे, चपला, भांडी, पांघरुणं तिथं मांडलेली असत आणि कुठलीही वस्तू दहा रुपयांना मिळे. घर आवरताना निघालेल्या कपड्यांची पिशवी घेऊन मी गेले. पोत्यावर मांडी घालून बसलेल्या साठीच्या एका सावळ्या बाईंनी पिशवी उलटी केली, एकेक कपडा झटकून पाहिला आणि काखेत उसवलेला निळा कुर्ता माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हे तुमी आज घालसान काय?"

"नाही... जुना झालाय तो."

"जुना हाय ते दिसून राह्यलं. मी इचारलं, घालसान काय?"

"नाही."

"मंग दुसऱ्या कोनी काहून घालावं?"

आवाजात राग नव्हता. बाजारात भाजीवालीनं किडकं वांगं बाजूला काढावं तसा त्यांनी तो कुर्ता माझ्या हातात दिला आणि पुढचा कपडा उचलला. मी लाजून घरी आले. पुढच्या रविवारी तो शिवून, धुऊन, इस्त्री करून घेऊन गेले. त्यांनी आतली शिवण उलटून पाहिली. "टाका मोठा हाय. पन चालन." त्या रविवारपासून मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायला लागले.

दुकानात काय काय येतं हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. एकाच पायाचा बूट, कुबट वासाचे ओले टॉवेल, वापरलेली अंतर्वस्त्रं, तळ गेलेली कढई. एकदा एका चांगल्या घरातून आलेल्या बॅगेत मुदत संपलेली औषधं आणि तुटलेला दातांचा ब्रश निघाला. मी संतापले. पंचफुलाबाई हसल्या. "लोकाइले दान कराचं नसते, मॅडम. अलमारी खाली कराची असते. कचरागाडीवाला नाही म्हनते, म्हनून आपल्याकडं येते." पण त्यातूनच त्या चांगलं ते काढत. धुण्याचं वेगळं, शिवायचं वेगळं, आणि जे कुणालाच घालता येणार नाही त्याच्या पट्ट्या फाडून गोधडीला. त्यांच्या हातून गेलेला शर्ट दुकानात टांगला की नवा वाटायचा.

त्यांची एक सवय मला आधी विचित्र वाटायची. चांगला शर्ट, चांगला फ्रॉक हाती आला की त्या त्याची बटणं कापून काढायच्या आणि दुसरी लावायच्या. धडधाकट बटणं! काढलेली बटणं एका बिस्किटाच्या डब्यात जमा व्हायची. न राहवून मी एकदा विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता त्यांनी सांगितलं.

"रिठदले आमी लहान व्हतो. बाप एका घरी सालदार. त्या मालकिनीनं मायजवळ एक फ्राक देल्ला, गुलाबी. मी थो घालून शाळेत गेली. मालकाची पोरगी माह्याच वर्गात. सगळ्या पोरीइच्या समोर म्हने, हा माहा फ्राक हाय, पाहा, याचं हे बटन म्याच दातानं चाबलेलं हाय. सगळ्या बटन पाहाले जमल्या." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मी फ्राक घालनं सोडलं नाही. दुसरा नोयताच. पन दोन वर्सं त्या बटनावर हात ठेवून फिरली."

म्हणून त्यांच्या दुकानातून गेलेला कपडा देणाऱ्याला ओळखू येता कामा नये, असा त्यांचा हट्ट. आणि म्हणूनच दहा रुपयेही हवेतच. फुकट का देत नाही, असं एका पाहुण्यानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फुकट असलं का मानूस मान खाली घालून उभा राह्यते. दहा रुपये टाकले का निवडते. हा रंग नोको म्हनते. नोको म्हनता आलं पाह्यजे ना, साहेब." दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा त्यांनी भांडून लावून घेतला होता. एकदा शिरपूरकडचा एक म्हातारा धोतरावरूनच पँट चढवून त्या आरशासमोर उभा राहिला, वळून वळून पाहत राहिला आणि म्हणाला, "मी तं मास्तर दिसून राह्यलो!" त्या दिवशी पंचफुलाबाई संध्याकाळपर्यंत मधूनच हसत होत्या.

त्यांचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात कंपनीत होता. तो बोलवायचा, पण त्या इथंच एका खोलीत राहत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली शिलाई मशीन, कोपऱ्यात स्टोव्ह. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण दुकानात आलेल्या पुस्तकांतलं एकही त्यांनी वाचल्याशिवाय विकायला ठेवलं नाही.

संस्थेचे अध्यक्ष प्रभाकरराव माझ्या शाळेच्या संचालक मंडळावरही होते. स्वच्छ पांढरे कपडे, मऊ आवाज, प्रत्येकीला ताई म्हणायचे. दुकान त्यांनीच काढलं आणि सुरुवातीला मनापासून काढलं असावं, असं मला अजूनही वाटतं. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मान्यतेचा प्रस्ताव त्यांच्या सहीसाठी थांबला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यामुळं घडलं. निदान माझ्यापुरतं तरी.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नागपूरहून खोकी आली. तिथल्या काही म्हाताऱ्या बायकांनी ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हातानं स्वेटर विणून पाठवले होते. सोबत नवी ब्लँकेटं होती. स्वेटर सुरेख होते, पण बटणं नव्हती, नुसती काजं. पंचफुलाबाईंनी बिस्किटाचा डबा पोत्यावर ओतला. आठ-दहा दिवस त्या दुसरं काही न करता स्वेटरांना बटणं लावत बसल्या. जोडीची बटणं कुठून पुरणार? एकाला वरचं काळं, मधलं पांढरं, खालचं हिरवं. दुसऱ्याला आणखी वेगळी. "लेकराले काय कळते, बटन जोडीचं हाय का नाही. त्याले ऊब कळते," त्या म्हणायच्या.

दिवाळी झाली. ऊसतोडीचे ट्रक निघायच्या आधी वाटपाचा कार्यक्रम ठरला. मंडप, पाहुणे, फोटोवाला. जवळच्या वस्तीवरची सुनीता चार महिन्यांची मुलगी घेऊन आली होती. ती दुकानात नेहमी यायची. पंचफुलाबाईंनीच तिला बाळंतपणात जुनी लुगडी मऊ करून दिली होती. तिला स्टेजवर बोलावलं. पाहुण्यांनी बाळाच्या अंगात पिवळा स्वेटर घातला, ब्लँकेट सुनीताच्या खांद्यावर टाकलं, फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर प्रभाकररावांनी माईकवरून सांगितलं की नोंद राहिली आहे, तेव्हा सगळ्यांनी सामान परत जमा करावं. दोन दिवसांत घरपोच मिळेल. लोक आपसांत कुजबुजले आणि मुकाट्यानं रांगेत आले. सुनीतानं बाळाच्या अंगातून स्वेटर काढला. बाळ झोपलेलं होतं, ते जागं होऊन रडायला लागलं.

"मावशी, भेटन ना?" तिनं विचारलं.

"भेटन. कायले घोर करतं? नोंद झाली का मी सोता आनून देईन," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि स्वेटरची घडी घालून खोक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीला नवं कुलूप होतं. पंचफुलाबाईंजवळच्या किल्लीनं ते उघडेना. त्या प्रभाकररावांच्या घरी गेल्या. वाशीमला मोठा कार्यक्रम ठरतो आहे, तिथं वाटप होईल, ऊसतोडवाल्यांना पुढच्या खेपेला देऊ, असं त्यांना सांगण्यात आलं. "पुढची खेप आल्यावर थे लोकं कुठी राह्यतीन?" त्यांनी विचारलं. चौथ्या दिवशी ट्रक निघाले. पंचफुलाबाई रस्त्यावर उभ्या होत्या, रिकाम्या हातानं. वर बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी हात हलवला. त्यांनी नाही हलवला.

पौषात त्या एका नातेवाइकाकडे बारशाला शिरपूरला गेल्या. परतताना बसस्टँडजवळ एक माणूस गाडीवर लोकरीचे कपडे विकत होता. यात्रेकरूंची गर्दी होती. तिथं त्यांना काळं, पांढरं, हिरवं बटण दिसलं. मग शेजारी आणखी एक. मग सगळेच. गाडीवाल्याला काही लपवायचं नव्हतं. त्यानं सरळ सांगितलं की माल शेलूबाजारहून येतो, गठ्ठ्यानं, दरसाल. पंचफुलाबाईंनी पिशवीतले पैसे काढून एक स्वेटर विकत घेतला आणि बसमधून उतरल्या त्या थेट माझ्या खोलीवर आल्या.

"पाहा," एवढंच म्हणाल्या आणि स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला.

मी त्यांना पाणी दिलं. घाई करू नका, आधी नीट चौकशी करू, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "चौकशी म्या केली ना, मॅडम. बटन माहं हाय."

रविवारी त्यांनी तो स्वेटर प्रभाकररावांच्या टेबलावर ठेवला. मी तिथं होते. ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मावशी, संस्था चालवायला खर्च लागतो. भाडं आहे, विजेचं बिल आहे, तुमचं मानधन आहे. थोडा माल विकावा लागतो. सगळीकडं चालतं हे."

"मंग पाटीवर लिहा ना तसं. विकतो म्हनून लिहा. लेकराच्या आंगातून काढून घेतो म्हनून लिहा."

"तुम्ही थकला आहात. थोडे दिवस आराम करा."

त्यांनी स्वेटर उचलून पुन्हा पिशवीत घातला. मी जमिनीकडं पाहत होते.

होळीच्या सुमाराला ऊसतोडवाले परत आले. एका दुपारी सुनीता दुकानात आली, एकटीच. लुगडं पाहत उभी राहिली. पंचफुलाबाईंनी विचारलं, "पोरगी कुठी हाय?"

"गेली, मावशी. पौषात. कफ झाला व्हता. फडावरच्या पाचटाच्या कोपीत लय थंडी. दवाखान्यात नेता नेताच गेली."

पंचफुलाबाईंनी सुनीताला लुगडं दिलं, पाणी पाजलं, वाटेपर्यंत सोडलं आणि परत येऊन दुकानाचं शटर खाली ओढलं. मी आत होते. अर्धवट अंधारात त्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "स्वेटर असता तं वाचली असती असं मी म्हनत नाही. माहीत नाही मले. पन थो स्वेटर तिचा व्हता. आन मी म्हटलं व्हतं, भेटन."

त्याच आठवड्यात त्यांनी वाशीमच्या धर्मादाय कार्यालयात द्यायला अर्ज लिहिला. शाळेच्या वहीचं पान, ठसठशीत अक्षर. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी म्हणाले, दोन दिवस द्या. दोन दिवसांनी म्हणाले, परीक्षेची कामं आहेत. तिसऱ्या वेळी त्या आल्याच नाहीत. फक्त स्वतःच्या सहीनं अर्ज देऊन आल्या.

कार्यालयानं संस्थेकडं खुलासा मागितला. महिन्याभरात संस्थेच्या पाच जणांची बैठक बोलावली गेली आणि मलाही बोलावणं आलं. पंचफुलाबाईंना उभं केलं होतं. खुर्ची दिली नव्हती. आरोप असा होता की स्वेटर त्यांनीच चोरून विकले, आणि पुरावा म्हणून त्यांच्याजवळचा एक स्वेटर जमा केलेला होता. तोच, त्यांनी शिरपूरला विकत घेतलेला.

"मी इकत घेतला हा. मॅडमले माहीत हाय," त्या म्हणाल्या.

प्रभाकरराव माझ्याकडं वळले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "ताई, यांनी तो विकत घेताना तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

मी म्हणाले, "नाही."

माझं उत्तर खरं होतं. मी शिरपूरला गेलेच नव्हते. पण हाच स्वेटर त्यांनी तुमच्या टेबलावर आणून ठेवला होता, चोरलेली वस्तू कुणी मालकाला नेऊन दाखवतं का, एवढं विचारायला मला फक्त एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पंचफुलाबाई माझ्याकडं पाहत होत्या. वाट पाहत होत्या. मग त्यांनी पाहणं थांबवलं, पदर खांद्यावर घेतला आणि बाहेर पडल्या.

संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर मजकूर फिरला: गरिबांच्या मुलांचे स्वेटर विकणाऱ्या महिलेला कामावरून कमी केले. खाली त्यांचा फोटो, वाटपाच्या कार्यक्रमातलाच, हातात स्वेटरचं खोकं. अर्जाची चौकशी तिथंच मिटली. आठ दिवसांत त्यांनी खोली सोडली आणि मशीन टेम्पोत घालून आपल्या लहानपणच्या गावी, रिठदला गेल्या. जून महिन्यात माझ्या मान्यतेच्या कागदावर सही झाली.

मी त्यांना भेटायला गेले ते दीड वर्षानंतर. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं कळलं होतं. डावा हात निकामी झाला होता. त्यांचं करायला पुण्याहून आलेली सून चहा घेऊन आली. त्यांनी मला बाजेवर आपल्या जवळ बसवून घेतलं, शाळेची चौकशी केली, तब्येत उतरली म्हणून रागावल्या. त्या रागावल्या तेव्हा मला रडू फुटलं. "मावशी, मी त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"तुमी खोटं नाही बोलल्या, मॅडम," त्या मधेच म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण स्पष्ट. "मले तेच जास्त लागलं. खोटं बोलल्या असत्या तं भांडली असती मी. खऱ्याशी कशी भांडू?"

त्या बराच वेळ उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं सरळ करत राहिल्या.

"नाव खराब झालं ते होऊ द्या. सगळ्याइले घरोघरी जाऊन सांगता येते काय? पन एक काम करा. सुनीताले सांगा. तिले वाटते, म्याच इकले. तिच्या लेकराचा म्याच इकला. तेवढं जाऊन सांगा."

"सांगते मावशी. या रविवारीच जाते."

"तुमी सांगसान तं ऐकन ती. शिकेल बाईचं ऐकते मानूस."

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. मग सहामाही, मग दिवाळी. आणि दिवाळीनंतर सुनीता ऊसतोडीला गेली, हे मला एका परीनं बरंच वाटलं. खरं सांगायचं तर तिला काय सांगायचं याची मला भीती नव्हती. ती विचारेल, 'मंग तुमी तवा काहून नाही बोलल्या?' याची भीती होती.

माघात पंचफुलाबाईंच्या मुलाचा फोन आला. दुसरा झटका आला होता. मी रिठदला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पांढऱ्या कपड्यांतली वस्ती, वंदना चाललेली, कडेला सून डोळे पुसत. शेलूबाजारहून मी एकटीच होते. ज्यांना त्यांनी आरशासमोर उभं केलं, पँटी आखूड करून दिल्या, त्यांच्यातलं कुणी नव्हतं. कळवलंच नव्हतं कुणी. आणि कळवलं असतं तरी आले असते की नाही, कोण जाणे.

दुकान आता बंद आहे. प्रभाकररावांचा तालुक्याला सत्कार झाला. मीही शाळेकडून टाळ्या वाजवायला होते.

यंदा ऊसतोडवाले परतल्यावर मात्र मी वस्तीवर गेले. सुनीता दारात मक्याची कणसं सोलत बसली होती. मी तिच्यासमोर खालीच बसले आणि सगळं सांगितलं. शिरपूरची गाडी, विकत घेतलेला स्वेटर, बैठक, मला विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर. काहीही वगळलं नाही. ती कणसं सोलत होती. मधेच तिचे हात थांबले.

"मावशी कुठी हाय आता?"

"माघात गेल्या."

तिनं मला तो प्रश्न विचारला नाही, ज्याला मी इतके महिने भीत होते. ती कणसाकडं पाहत होती.

"ती गाव सोडून चालली व्हती ना, टेम्पोत मशीन टाकून," ती म्हणाली. "मी रस्त्यात उभी व्हती. तिनं मले पाह्यलं, टेम्पो थांबवून खाली उतरली, काहीतरी सांगाले लागली. मी तिच्या तोंडावर थुकली, मॅडम. तिनं पुसलं बी नाही. तशीच जाऊन बसली."